विश्लेषण : वेग वाढला की जुन्या ‘मसल कार’चे इंजिन का अडखळते? मोटारीला ठिणगी देणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची कहाणी

साठच्या दशकातील एखादी अमेरिकी ‘मसल कार’ सिग्नलवर गुरगुरत उभी असते. कमी वेगात तिची काहीच तक्रार नसते. पण अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला चार-साडेचार हजारांच्या पुढे गेले, की ते गचके खाऊ लागते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. पाय थोडा उचलला की पुन्हा सारे सुरळीत. या एका दुखण्याची कारणे शोधताना ज्या सुट्या भागांना हात लावावा लागतो, त्यांतील बहुतेकांमागे एकाच माणसाचे डोके आहे. चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग हे त्यांचे नाव. बॅटरीवर चालणारी ठिणगी, बटण दाबून सुरू होणारे इंजिन, शिसे मिसळलेले पेट्रोल आणि जास्त दाबाचे व्ही-८ इंजिन या चारही गोष्टींशी त्यांचा थेट संबंध होता. इंजिनाचे दुखणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळात क्वचितच कोणी असेल. मात्र त्यांच्याच एका उपायाने पुढे जगभरातील मुलांच्या रक्तात शिसे मिसळले.

केटरिंग कोण होते?

जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतघरातला. लहानपणापासून दृष्टी अधू. थोडे वाचले तरी डोके ठणकायचे. शिक्षण संपवून काही काळ त्यांनी गावच्या शाळेत शिकवले, मग महाविद्यालयात गेले, पण डोळ्यांनी दगा दिल्याने ते सोडावे लागले. मधल्या काळात ते टेलिफोन कंपनीत खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत काम करत होते. दिवसभर उघड्यावर अंगमेहनत केल्यावर डोळ्यांना आराम पडला आणि विजेचे व्यवहार हाताखालून गेले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात परतल्यावर खोलीतले मित्र त्यांना पुस्तके वाचून दाखवत. विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळाली १९०४ मध्ये, तेव्हा ते अठ्ठाविशीला टेकले होते. टेलिफोनच्या कामावर असताना अ‍ॅशलंड गावात भेटलेल्या ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांनी १९०५ मध्ये लग्न केले.

पहिली नोकरी डेटन शहरातील ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या कंपनीत. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. त्याला विजेची मोटार बसवायची होती. अडचण अशी, की यंत्र झटक्यात हलवण्याइतकी ताकदवान मोटार त्या पेटीत मावेना. केटरिंग यांच्या लक्षात आले, की ही मोटार दिवसभर चालणारच नाही. तिला क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचे आहे. क्षणभरासाठी लहान मोटारीवरही तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, कारण ती तापायच्या आत काम झालेले असते. हे गणित त्यांनी आयुष्यभर पुन:पुन्हा वापरले.

मोटारीच्या ठिणगीशी त्यांचा संबंध कसा आला?

त्या काळी अनेक मोटारींत प्लगला ठिणगी देण्यासाठी थरथरणारी कॉइल असे. तिची पट्टी सतत वाजत राही, एका स्फोटासाठी ठिणग्यांचा पाऊस पाडी आणि त्यात कोरड्या सेलची बॅटरी लवकर संपून जाई. ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडेल याचाही भरवसा नव्हता. केटरिंग यांनी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या तबेल्यात, यावर काम सुरू केले. कंपनीतले आणखी काही तरुण तिथे जमत. एका स्फोटाला एकच ठिणगी, पण नेमकी आणि जोरदार, अशी व्यवस्था त्यांनी तयार केली. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांना ती पसंत पडली. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासोबत ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. स्पेनमध्ये आजही डिस्ट्रिब्युटरला ‘देल्को’ म्हणतात आणि आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या तोंडीही ‘डेल्को’ हाच शब्द असतो. कंपनीचे नाव सुट्या भागाला चिकटले ते असे.

या कल्पनेतून जी व्यवस्था स्थिरावली, ती पुढची ६० हून अधिक वर्षे जगभरच्या मोटारींत राहिली. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून जातो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम ठरलेल्या क्षणी दोन धातूंचे टोक, म्हणजे ‘पॉइंट’, एकमेकांपासून दूर करतो. प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. डिस्ट्रिब्युटर तो योग्य प्लगकडे पाठवतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ते जळू नयेत आणि क्षेत्र झटकन कोसळावे यासाठी बाजूला छोटा कंडेन्सर असतो. मुंबईतील काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी असो वा अ‍ॅम्बेसेडर, दोन्हींच्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली हीच रचना होती. पॉइंट पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने त्यांतले अंतर लावणे हे ट्यूनिंगमधले पहिले काम असे.

हँडल मारण्यापासून सुटका कशी झाली?

तेव्हा इंजिन सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरे आणि मनगट, हात, कधी जबडाही मोडे. डेट्रॉइटजवळ एका पुलावर बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेलेले मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांचा असाच अपघात झाला, त्यातून आलेल्या आजारपणात ते गेले आणि हळहळलेल्या लेलंड यांनी केटरिंग यांना स्टार्टर बनवायला सांगितले, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. तिच्या तपशिलात गोंधळ आहे. गोष्टीत हा प्रसंग स्टार्टरच्या कामाच्या अगदी आधीचा असतो, तर कार्टर १९०८ मध्येच वारले होते. लेलंड यांना हँडल नको होते एवढे मात्र खरे.

इथे गल्ल्याच्या यंत्राचे गणित उपयोगी पडले. तज्ज्ञांच्या हिशेबाने एवढे मोठे इंजिन फिरवणारी मोटार आणि तिची बॅटरी गाडीइतकीच जड झाली असती. केटरिंग यांची मोटार काही सेकंदांपुरती जोर लावत होती आणि इंजिन सुरू झाले की तीच डायनामो बनून बॅटरी भरत होती. फेब्रुवारी १९११ मध्ये ती कॅडिलॅकवर चालून दाखवली गेली. १९१२ च्या मॉडेलात स्टार्टर, दिवे आणि ठिणगी यांची एकत्र विद्युत व्यवस्था आली. पुढच्या काही वर्षांत मोटार चालवायला दंडात बळ असण्याची अट उरली नाही. बायकांना चालवायला सोपी म्हणून विकल्या जाणाऱ्या विजेच्या मोटारींचा बाजारही त्यामुळे आटला.

मग वरच्या वेगात ही व्यवस्था कमी का पडते?

गल्ल्याच्या आणि स्टार्टरच्या मोटारीला थोडाच वेळ काम करायचे होते, हा तिथे फायदा ठरला. ठिणगीच्या बाबतीत नेमके उलट होते. कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र पूर्ण भरायला काही मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) आठ सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला चार ठिणग्या लागतात. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर इंजिन निवांत चालत असेल, तर सेकंदाला ४० ठिणग्या, म्हणजे प्रत्येकीसाठी २५ मिलिसेकंद. पॉइंट त्यातला साधारण दोन-तृतीयांश वेळ मिटलेले असतात. सुमारे १६ मिलिसेकंदांत कॉइल आरामात भरते. तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर नेले, की सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद येतात. कॉइल भरायला त्यातले जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद मिळतात. कॉइल अर्धीमुर्धी भरते आणि ठिणगी अशक्त होते.

याच वेळी पॉइंटच्या स्प्रिंगचीही परीक्षा असते. कॅमने उघडलेला पॉइंट स्प्रिंगने परत मिटवायचा असतो. स्प्रिंग ढिली झाली असेल तर पॉइंट मिटताना आपटून उसळतो, किंवा कॅमच्या वेगाबरोबर राहूच शकत नाही. आधीच कमी असलेला वेळ आणखी घटतो आणि एखादी ठिणगी पडतच नाही. चार सिलिंडरच्या पद्मिनीला त्याच वेगात दुप्पट वेळ मिळतो आणि तिचे इंजिन सहसा इतके फिरवलेही जात नाही. त्यामुळे हे दुखणे आपल्याकडे फारसे ठळक झाले नाही. ते खास आठ सिलिंडरच्या आणि जोरात फिरणाऱ्या इंजिनाचे आहे. केटरिंग यांनी १९०९ मध्ये ज्या कॅडिलॅकसाठी ही रचना केली, तिला चारच सिलिंडर होते आणि तिचे इंजिन आजच्या मानाने फार संथ फिरायचे.

ठिणगीवरचा आरोप त्यांनी कसा खोडून काढला?

बॅटरीची ठिणगी बाजारात आली आणि लवकरच तिच्यावर ठपका ठेवला जाऊ लागला. चढावर किंवा भार पडल्यावर इंजिनातून टकटक आवाज येई, ताकद कमी होई. ठिणगी वेळेआधी पडते म्हणून असे होते, असा समज पसरला. केटरिंग यांच्यासाठी हा धंद्याचा प्रश्न होता. शेतघरांना वीज पुरवणारे ‘डेल्को-लाइट’ संच रॉकेलवर चालत आणि त्यांच्यातही हीच टकटक असे. १९१६ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला त्यांनी हे काम दिले.

सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हे मोजण्याची सोय मिजली यांनी केली. त्यातून दिसले, की टकटक होते तेव्हा दाब एकदम उसळतो, पण ही उसळी ठिणगीच्या नंतरची आहे. ठिणगीमुळे पेटलेली ज्योत पसरत असताना शेवटी उरलेले इंधन आपणहून एकदम भडकत होते. म्हणजे दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता.

पुढचा टप्पा गमतीचा आहे. लालसर पानांची एक रानवेल बर्फ वितळायच्या आतच फुलते हे केटरिंग यांना आठवले. लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल, तर इंधन लाल केल्यास ते आधीच वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क त्यांनी केला. प्रयोगशाळेत त्या दिवशी तेलात मिसळणारा लाल रंग नव्हता. मिजली यांनी आयोडीन टाकले आणि टकटक कमी झाली. मग खरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच फरक पडेना. उलट रंग नसलेली आयोडीनची संयुगे मात्र काम करत होती. तर्क साफ चुकला होता, पण इंधनात किंचित काही मिसळून टकटक थांबवता येते हे कळले होते. आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. म्हणून शोध पुढे सुरू राहिला. टेल्युरियमच्या संयुगाने काम साधले, पण त्याची लसणासारखी दुर्गंधी अंगाला आणि कपड्यांना अशी चिकटे की कामगारांना घरचे जवळ येऊ देत ना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, इंजिनात घातले गेले. एका गॅलन पेट्रोलला काही घन सेंटीमीटर पुरत होते.

शिशाच्या बाबतीत तीच काटेकोर नजर कुठे गेली?

शिसे विषारी असते हे तेव्हा नवे ज्ञान नव्हते. दुसरा उपायही प्रयोगशाळेला ठाऊक होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी टकटक थांबते हे केटरिंग आणि मिजली या दोघांनी पाहिले होते. पण अल्कोहोल बरेच मिसळावे लागे आणि अल्कोहोलवर पेटंटच्या जोरावर कोणाला मक्तेदारी सांगता आली नसती. शिशाचे तसे नव्हते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर ते विकायला आले. त्याच हिवाळ्यात खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेने आजारी पडून हवापालटासाठी फ्लोरिडाला गेले होते. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून ‘एथिल’ कंपनी काढली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. कंपनीच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण दगावले, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. न्यूयॉर्कसह काही शहरांनी या पेट्रोलवर बंदी घातली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद झाली. औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. गाडीच्या धुरातून शिसे हळूहळू सगळ्यांच्या शरीरात जाईल, ही त्यांची भीती होती. केटरिंग यांनी बाजू मांडली ती इंधन वाचवण्याची. तेलाचे साठे फार काळ पुरणार नाहीत असे तेव्हा मानले जाई आणि टकटक थांबली तर जास्त दाबाची, कमी पेट्रोल पिणारी इंजिने करता येणार होती. नेमलेल्या समितीने थोड्या महिन्यांच्या तपासणीनंतर बंदीला पुरेसे कारण नसल्याचे सांगितले, मात्र पुढेही संशोधन व्हावे अशी शिफारस केली. ते संशोधन झाले मुख्यत: उद्योगाच्याच पैशावर, सिनसिनाटी विद्यापीठात केटरिंग यांचे नाव दिलेल्या प्रयोगशाळेत.

आपल्या ठिणगीवर आरोप झाला तेव्हा केटरिंग यांनी मोजमाप होईपर्यंत कोणाचे म्हणणे मान्य केले नव्हते. शिशाच्या वेळी, धोका सिद्ध झालेला नाही एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. इंधन वाचवण्याचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण अल्कोहोलचा पर्याय हाताशी असताना तो मागे पडला, हे त्यांच्या कारकिर्दीवरचे सर्वात गडद सावट आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात शिसे कमी करायला सुरुवात झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात सर्वात शेवटी ते अल्जीरियात २०२१ मध्ये थांबले. आज भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत जे इथेनॉल मिसळले जाते, ते हेच अल्कोहोल आहे.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले का?

नाही. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. तिथल्या पहिल्याच मोठ्या प्रयोगाने त्यांचे नाक कापले. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, सिलिंडरभोवती तांब्याच्या पातळ पट्ट्या बसवलेले इंजिन त्यांनी शेव्हर्लेसाठी तयार केले. १९२३ मध्ये अशा साडेसातशेच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातल्या सुमारे १०० ग्राहकांच्या हाती पडल्या. इंजिन तापले की जोर कमी होई आणि ठिणगीविनाच इंधन पेटू लागे. प्रयोगशाळेतील लोक दोष कारखान्याला देत, कारखाना प्रयोगशाळेला. कंपनीने गाड्या परत मागवल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो घेतला नाही, तांब्याचे इंजिन मात्र बंद केले. संशोधन आणि उत्पादन यांच्यात कोणाचा शब्द चालावा, याचे नियम त्या कंपनीत या फटक्यानंतर बसले.

नंतरच्या वर्षांत हात लावीन तिथे यश, असा काळ आला. गाडीला रंग सुकायला जिथे आठवडे लागत तिथे काही तासांत सुकणारा ‘ड्युको’ रंग आला. रेल्वेसाठी हलके दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन आले. मे १९३४ मध्ये ‘झेफर’ ही चकचकीत गाडी त्याच इंजिनावर डेन्व्हरहून शिकागोला एका दिवसात, न थांबता पोहोचली आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस भरले. त्या डिझेलसाठी पिस्टनचा आकार ठरवताना केटरिंग यांनी आकडेमोडीवर वाद घातला नाही. अनेक प्रकारचे पिस्टन बनवून चालवले आणि इंजिनाला जो मानवला तो ठेवला.

‘मसल कार’शी त्यांचे नाते काय?

निवृत्तीच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्यांनी साडेबारास एक इतक्या दाबाचे प्रायोगिक इंजिन अभियंत्यांपुढे ठेवले. जास्त ऑक्टेनचे, म्हणजे टकटक न करणारे पेट्रोल मिळाले तर त्याच इंजिनातून किती जास्त काम घेता येते, हे त्यांना दाखवायचे होते. याच विचारातून १९४९ मध्ये ओल्ड्समोबिलचे ‘रॉकेट’ हे सुमारे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन आले. त्याला केटरिंग यांचेच नाव द्यायचे घाटत होते, पण हयात व्यक्तीचे नाव न देण्याचा कंपनीचा रिवाज आडवा आला, असे सांगतात. हे दणकट इंजिन तुलनेने लहान आणि हलक्या गाडीत बसवले गेले आणि ‘रॉकेट ८८’ तयार झाली. बरेच जाणकार तिलाच पहिली मसल कार मानतात. १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅक जीटीओ आली तेव्हा हाच नुस्खा ६.४ लिटरवर पोहोचला होता.

ती पाहायला केटरिंग नव्हते. पत्नी ऑलिव्ह १९४६ मध्ये कर्करोगाने गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी स्लोन यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कर्करोग संशोधन संस्था उभी केली होती. आज जगाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते बहुधा ‘स्लोन केटरिंग’ या रुग्णालयामुळेच. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमधील घरी त्यांचे निधन झाले.

आज अशा गाडीचे दुखणे कसे ओळखतात?

वरच्या वेगात इंजिन अडखळले की संशय तिघांवर असतो : ठिणगी, पेट्रोल आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. अनेकजण थेट कार्ब्युरेटर उघडतात आणि तिथेच फसतात. आधी गाडी उभी ठेवून, गियर न टाकता इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवून पाहावेत. भार नसताना पेट्रोल फार लागत नाही. तरीही ठरावीक फेऱ्यांवर इंजिन फटफट करू लागले तर संशय ठिणगीकडे किंवा व्हॉल्व्हकडे झुकतो. उभ्या गाडीत ठीक, पण रस्त्यावर पूर्ण जोर दिल्यावर काही सेकंदांनी दम तुटत असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपते आहे आणि पंप ते वेळेत भरू शकत नाही असे समजावे. बंद होत आलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा चिरलेली रबरी नळी हे नेहमीचे गुन्हेगार. बऱ्याच जनरल मोटर्स गाड्यांत कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच एक छोटा फिल्टर असतो, तो हमखास विसरला जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या टाकीतला गाळ सुटा करते आणि जुने रबर खराब करते, त्यामुळे हा दोष आता जास्त दिसतो.

यात एक मेख आहे. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबाखाली ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे अशक्त कॉइलही रस्त्यावरच अडखळू शकते आणि पेट्रोलचा दोष असल्यासारखे भासवते. इथे टायमिंग लाइट कामाला येतो. त्याची चिमटी प्लगच्या तारेला लावून इंजिनाचे फेरे वाढवले, की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा चमकतो. गचका बसताना दिव्याचा ताल तुटला तर ठिणगीच पडत नाही. ताल एकसारखा राहिला तर मिजली यांनी केले तसे दुसरीकडे पाहायचे. ठिणगी दोषी ठरली, तर पॉइंट किती अंशांपर्यंत मिटलेले राहतात हे ड्वेल मीटरने मोजतात. जनरल मोटर्सच्या व्ही-८ साठी हा आकडा ३० अंशांच्या जवळपास असावा लागतो. फेरे वाढवताना तो दोन-तीन अंशांहून जास्त हलला तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा आणि बुश झिजले आहेत, मग नवे पॉइंट टाकूनही फायदा नाही. आकडा स्थिर असेल तर स्प्रिंगचा ताण, कंडेन्सर, कॉइलला मिळणारे व्होल्ट आणि प्लगमधले अंतर या क्रमाने जावे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्या असतील तर प्रत्येक वेळी त्याच फेऱ्यांवर, जणू भिंतीला धडकल्यासारखे इंजिन अडते. त्यावर इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही.

पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर वापरणारी ठिणगी डेल्कोनेच १९६३ मध्ये पाँटिअ‍ॅकसाठी बाजारात आणली होती, पण ती महागडी हौस राहिली. १९७५ पर्यंत जनरल मोटर्सच्या साऱ्या गाड्यांतून पॉइंट गेले. जुन्या गाड्यांचे बरेच मालक आता डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून तिथे बोटाएवढा इलेक्ट्रॉनिक संच बसवतात. वरून मूळचे काळे झाकण लावले की प्रदर्शनात कोणाला फरक कळत नाही.